सही करण्याआधी कागद घरी न्या: वजनाच्या औषधाच्या अभ्यासात भाग घ्यायचा की नाही

"इथे, इथे आणि शेवटच्या पानावर," असं म्हणत कोऑर्डिनेटर मुलीने टोपण काढलेलं पेन माझ्या हातात दिलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. रक्त द्यायचं म्हणून आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं, समोर वजन कमी करणाऱ्या औषधाच्या अभ्यासाचा, म्हणजे माणसांवरच्या चाचणीचा, एकोणीस पानांचा संमतीचा कागद होता आणि मी दुसऱ्या पानावर होते. "सगळे इथेच करतात मॅडम, फॉर्मॅलिटी असते." वाचायचा चष्मा घरी राहिलाय अशी थाप मारली (तो पर्समध्येच होता), कागद पिशवीत सरकवला आणि रिक्षा केली. त्या रुग्णालयात मी परत गेले नाही.

सहा महिन्यांनी पुण्यातच दुसऱ्या ठिकाणी अशाच एका अभ्यासात मी नाव घातलं आणि ७२ आठवडे पूर्ण केले. तेव्हापासून शाळेतल्या सहकारी, नणंद, नणंदेच्या मैत्रिणी अशा सगळ्या विचारतात, "जाऊ का गं मी पण?" प्रत्येकीला तुकड्यातुकड्याने सांगत आले, ते इथे एकत्र लिहिते. मी डॉक्टर नाही, गणित शिकवते. त्यामुळे औषध घ्यावं की नाही हे माझ्याकडून ऐकू नका. निर्णय कसा घ्यायचा एवढंच सांगते. आणि हे भारतातल्या नियमांना धरून आहे. परदेशात राहत असाल तर तिथले कायदे वेगळे.

१. आधी ठरवा, तुम्हाला उपचार हवाय की अभ्यासात जायचंय?

दवाखान्यात डॉक्टर औषध देतात तेव्हा त्यांच्यासमोर तुम्ही असता. त्रास झाला तर ते डोस कमी करतील, उपयोग नाही झाला तर औषध बदलतील. अभ्यासात सगळं आधीच लिहून ठेवलेल्या आराखड्याप्रमाणे चालतं, त्याला प्रोटोकॉल म्हणतात. तुम्हाला सोयीचं म्हणून त्यात फारसं काही बदलत नाही, कारण त्यांना एका प्रश्नाचं उत्तर हवं असतं: हे औषध चालतं का, आणि त्याने काय बिघडतं? तुमची काळजी घेतात, चांगली घेतात, पण ती त्या प्रश्नाच्या चौकटीत.

दुसरी गोष्ट चिठ्ठ्यांची. कोणाला खरं औषध आणि कोणाला बनावट हे संगणक ठरवतो. बनावटीला प्लासिबो म्हणतात. इंजेक्शन दिसायला तेच, आत औषध नाही. माझ्या अभ्यासात तिघांपैकी दोघांना खरं मिळणार होतं. कोणाला काय मिळालं हे मलाही माहीत नव्हतं आणि मला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. पहिले दोन महिने मला सकाळी इतकी मळमळ व्हायची की चहाचा वास नको वाटायचा. मी बहिणीला फोन करून सांगितलं, "खरंच लागलंय मला, शंकाच नाही." शेवटच्या व्हिजिटनंतर पाच महिन्यांनी, मी लेखी विचारलं तेव्हा कळलं: प्लासिबो. ८१ किलोंपैकी कमी झाले होते २.३.

राग आला, खोटं कशाला बोलू. पण आकडे आधीच माझ्यासमोर होते. सेमाग्लुटाइड या वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनचा स्टेप-१ नावाचा मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात १,९६१ जण होते. ६८ आठवड्यांनी खरं औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, प्लासिबोवाल्यांचं २.४ टक्के. दोन्ही गटांना आहार आणि व्यायामाचा सल्ला सारखाच होता. आणि मळमळ? खऱ्या औषधावर शंभरात ४४ जणांना, बनावट औषधावरही शंभरात १७ जणांना. म्हणजे मळमळ होतेय त्या अर्थी औषध चालू आहे, हा माझा तर्क परीक्षेत शून्य गुणांचा.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न हा: दीड वर्ष दर आठवड्याला पोटात सुई टोचून घेतल्यावर कळलं की आत काहीच नव्हतं, तर मला चालेल का? उत्तर "नाही" असेल तर इथेच थांबा आणि चांगल्या फिजिशियनकडे जा. २०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपटाइड हे त्याच प्रकारचं औषध आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात रीतसर विक्रीला आलं. मी अभ्यासात गेले तेव्हा हा पर्याय नव्हता, आज आहे. महाग आहे, हे खरं. "फुकट मिळतंय म्हणून जाते" असं म्हणणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत, त्यांना मी नाव ठेवत नाही. पण तुमचं कारण तेवढं एकच असेल तर वरचा प्रश्न पुन्हा एकदा विचारा.

आता काही अभ्यासांत नव्या औषधाची तुलना बनावटीशी न करता बाजारातल्या औषधाशी करतात. तसा असेल तर हिशेब बदलतो. कशाशी तुलना आहे, हे पहिल्याच भेटीत विचारा.

२. अभ्यास खरा आहे ना, हे पाहा

याला फार वेळ लागत नाही, पण कोणी करत नाही.

भारतात होणारी प्रत्येक औषध-चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. ही नोंदवही आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था चालवते, २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी क्रमांक सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि सहा आकडे असा असतो. तो मागा. संकेतस्थळावर टाकला की अभ्यास कोण करतंय, पैसे कोण देतंय, किती लोक हवेत, कोणत्या शहरात कोणते डॉक्टर आहेत, कोणाला घेणार आणि कोणाला नाही, हे सगळं कोणालाही वाचता येतं. तुमच्या डॉक्टरांचं आणि रुग्णालयाचं नाव त्या यादीत आहे का बघा. नसेल तर का नाही, ते विचारा.

दुसरी खूण एथिक्स कमिटीची. या समितीच्या मंजुरीशिवाय अभ्यास सुरूच होऊ शकत नाही. समितीत किमान सात जण लागतात; त्यात एक कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री हवीच, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. समितीचा फोन नंबर संमतिपत्रात छापलेला असतो. मी त्यावर फोन केला होता. उचलणाऱ्या बाईंना इतकं आश्चर्य वाटलं की त्यांनी आधी मलाच विचारलं, "काही झालंय का?"

तिसरी खूण सोपी आहे. पैसे मागितले तर तो अभ्यास नव्हे. "वजन घटवण्याच्या संशोधनात सहभागी व्हा, नोंदणी शुल्क फक्त अमुक" असे फलक आणि मेसेज फिरतात. खऱ्या अभ्यासात औषध आणि अभ्यासासाठीच्या तपासण्या यांचा खर्च तुमच्याकडून घेत नाहीत, उलट येण्याजाण्याचे पैसे देतात.

३. कोणत्या टप्प्यावरचं औषध आहे?

पहिल्या टप्प्यात मोजक्या लोकांवर मुख्यतः सुरक्षितता पाहतात, दुसऱ्यात डोस आणि परिणाम, तिसऱ्यात शेकडो-हजारो लोकांवर पडताळणी, आणि चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा. टप्पा जितका आधीचा, तितकं कमी माहीत. मी तिसऱ्या टप्प्यातल्या अभ्यासात गेले. पहिल्या टप्प्यात गेले नसते. हे माझं मत आहे, नियम नव्हे.

वजनाच्या औषधांचा इतिहास मात्र जरा अंगावर येणारा आहे, तो माहीत असलेला बरा. अमेरिकेत 'फेन-फेन' नावाने गाजलेल्या जोडगोळीमुळे हृदयाच्या झडपा बिघडत असल्याचं दिसलं आणि १९९७ मध्ये त्यातलं फेनफ्लुरामाइन बाजारातून गेलं. युरोपात २००६ मध्ये मंजूर झालेलं रिमोनाबंट नैराश्य आणि मानसिक त्रासामुळे दोनच वर्षांत थांबवलं. सिबुट्रामाइन हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये गेलं. लोर्कासेरिन २०२० मध्ये कर्करोगाच्या शंकेमुळे. यातली बहुतेक औषधं मंजुरी मिळवून, लाखो लोकांनी घेऊन झाल्यावर परत गेली.

स्क्रीनिंगच्या, म्हणजे निवडीआधीच्या तपासणीच्या दिवशी मला नऊ प्रश्नांचा एक कागद दिला. शेवटचा प्रश्न होता, जगून उपयोग नाही असे विचार मनात येतात का. वजन मोजायला आलेल्या बाईला हे काय विचारतात, असं वाटलं. रिमोनाबंटबद्दल वाचल्यावर उलगडा झाला. या प्रश्नांना खरं उत्तर द्या. लाजायचं काही नाही.

४. तुम्ही बसता का त्यात?

बहुतेक अभ्यासांत बीएमआय ३० च्या पुढे, किंवा २७ च्या पुढे आणि सोबत रक्तदाब, कोलेस्टेरॉल असं काहीतरी, अशी अट असते. बीएमआय काढायला किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. माझी उंची १.५६ मीटर, वजन ८१, म्हणजे ३३.३. भारतीयांसाठी मात्र २५ च्या पुढेच लठ्ठपणा धरतात आणि बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त, पुरुषांचा ९० पेक्षा जास्त असला की सावध व्हायला सांगतात.

याचं कारण पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा होता, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ मध्ये दोघांचा एकत्र फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तेव्हा तुमचा बीएमआय २६ असेल आणि अभ्यासवाल्यांनी "बसत नाही" म्हणून परत पाठवलं, तर "म्हणजे मी ठीक आहे" असा अर्थ काढू नका. त्यांच्या आकड्यात बसत नाही, एवढंच.

नेताना या गोष्टी न्या:

- आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा
- गेल्या वर्षभरातले रक्ततपासणीचे रिपोर्ट, सोनोग्राफी असेल तर तीही
- चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या, शक्य तर पाकिटंच
- ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड
- नेहमीच्या डॉक्टरांचा फोन नंबर
- नॉमिनीचं पूर्ण नाव आणि पत्ता

औषधांची पाकिटं म्हणताना आयुर्वेदिक काढे, 'चरबी गाळणारी' चूर्णं, थायरॉइडची गोळी, सगळं धरा. आमच्या गटातल्या एका बाईंनी पूर्वी झालेला पित्ताशयाच्या खड्यांचा त्रास लपवला, घेणार नाहीत या भीतीने. भराभर वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते आणि या औषधांच्या बाबतीत ती नोंदलेली आहे. तिसऱ्या महिन्यात त्यांना रात्री दीड वाजता दवाखान्यात न्यावं लागलं. घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, हे प्रश्नही अशाच कारणांनी विचारतात. खोटं बोलून आत शिरण्यात शहाणपण नाही. ज्याच्यामुळे तुम्हाला नको म्हणतात तेच तुमच्या अंगावर येतं.

मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी: गर्भधारणा टाळण्याची अट असते आणि दरवेळी लघवीची तपासणी होते. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवायला सांगतात. टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. वर्ष-दीड वर्षात मुलाचा विचार असेल तर अभ्यास नको.

५. कागद घरी न्या आणि असा वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

कागदाचे दोन भाग असतात: माहितीपत्रक आणि संमतिपत्र. तुम्हाला समजणाऱ्या भाषेत ते मिळणं हा तुमचा हक्क आहे. मराठी मागा. मराठी म्हणून जे हातात पडतं ते वाचून मात्र कधीकधी इंग्रजीच बरं वाटतं. माझ्या कागदात "यादृच्छिकीकरण" असा शब्द होता. स्टाफरूममध्ये मराठीच्या बाईंना विचारलं, त्यांनीही हात टेकले. अर्थ एवढाच की चिठ्ठ्या टाकणार. न कळलेल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि दुसऱ्या भेटीत एकेक विचारा. मी तेवीस रेघा घेऊन गेले. मुख्य डॉक्टरांनी चाळीस मिनिटं बसून उत्तरं दिली. त्या चाळीस मिनिटांमुळे मी हो म्हटलं.

आमची पद्धत अशी होती. पहिल्या रात्री मी एकटीने वाचलं. दुसऱ्या रात्री नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. मोठ्याने वाचताना जिथे जीभ अडते तिथेच काहीतरी लपलेलं असतं. तिसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोटो पाठवले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "संपल्यावर काय?" त्याकडे पुढे येते.

या प्रश्नांची उत्तरं कागदात सापडलीच पाहिजेत:

- किती आठवडे, किती व्हिजिट, त्यातल्या उपाशीपोटी किती?
- प्रत्येक वेळी किती रक्त घेणार, आणि उरलेलं रक्त साठवणार का? कशासाठी?
- माझी नेहमीची औषधं चालू ठेवायची का?
- माझी माहिती कोण पाहणार? देशाबाहेर जाणार का?
- दुष्परिणाम झाला तर रात्री कोणाला फोन करायचा?
- मला काय मिळालं होतं, हे शेवटी सांगणार का?

उरलेल्या रक्ताचा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. "भविष्यातील संशोधनासाठी" अशी वेगळी चौकट असते. माझ्या कागदात तिथे नाही म्हणूनही मुख्य अभ्यासात राहता येत होतं. मी नाही म्हटलं. त्यामागे काही मोठं तत्त्व नव्हतं, मला ते नको वाटलं एवढंच.

संमतिपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारतात. हे पाहून लोक बिचकतात. आमच्याकडे तर "वजन कमी करायला चाललीस की विमा काढायला?" असा प्रश्न आला. नियमातच हे रकाने आहेत. नॉमिनीचं नाव नुकसानभरपाईसाठी लागतं.

सापळे तीन. एक, सहीच्या आधी अभ्यासासाठी रक्त घेणं किंवा कोणतीही तपासणी करणं बरोबर नाही. "आधी रिपोर्ट बघू, मग सही" असं म्हणाले तर सावध. दोन, सही केलेल्या कागदाची प्रत आणि माहितीपत्रक तुम्हाला मिळालंच पाहिजे. "फाइलला लावलंय" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. तीन, तुमचे नेहमीचेच डॉक्टर अभ्यास करत असतील तर नाही म्हणायला जीभ रेटत नाही. अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, आणि नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार चालू राहतील ना, हे सरळ विचारा. राहायलाच हवेत.

आई-वडिलांपैकी कोणी भाग घेत असेल आणि त्यांना वाचता येत नसेल तर संमतीच्या पूर्ण वेळेत अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर लागतो. औषध अगदी नवं असेल आणि सहभागी दुर्बल परिस्थितीतला असेल, तर संमतीची सगळी प्रक्रिया कॅमेऱ्यात चित्रित करावी लागते.

६. काही झालंच तर

१९ मार्च २०१९ रोजी लागू झालेल्या नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल्स नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. अभ्यासादरम्यान इजा झाली तर उपचार मोफत, गरज असेल तोपर्यंत, किंवा त्या इजेचा अभ्यासाशी संबंध नाही असं सिद्ध होईपर्यंत. गंभीर घटना घडली तर डॉक्टरांनी २४ तासांच्या आत कळवायचं असतं. इजा किंवा मृत्यू अभ्यासामुळे झाल्याचं ठरलं तर भरपाई अभ्यास करणाऱ्या कंपनीने द्यायची, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र नियमांतच आहे. त्यात ८ लाख रुपये ही मूळ रक्कम धरून वय आणि जोखीम यांच्या आकड्यांनी हिशेब करतात. गणिताच्या बाईने हे सूत्र वहीत सोडवून पाहिलं, हे घरी सांगितलं नाही.

भरपाईची कारणं वाचण्यासारखी आहेत. नुसता औषधाचा दुष्परिणामच नाही. प्रोटोकॉल पाळला नाही म्हणून झालेली इजा, उपलब्ध असलेला उपचार न देता प्लासिबोवर ठेवल्याने झालेली इजा आणि पोटातल्या बाळाला झालेली इजा हीसुद्धा त्यात येतात.

एवढं असूनही आपली मेडिक्लेमची पॉलिसी काढून वाचा. सिद्ध न झालेल्या उपचारांचा खर्च वगळणारं कलम बहुतेक पॉलिसींत असतं. त्यामुळे अभ्यासाच्या विम्याबद्दल काय लिहिलंय ते कागदात बोट ठेवून दाखवायला सांगा.

रुग्णालय एक छोटं कार्ड देतं. त्यावर अभ्यासाचं नाव आणि चोवीस तासांचा नंबर असतो. पर्समध्ये ठेवा आणि एक फोटो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनमध्ये. पोटात जोरात दुखून पाठीकडे जायला लागलं आणि उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट पाहू नका.

७. घर आणि कॅलेंडर

निर्णय घेताना शास्त्र बघतो, कॅलेंडर बघत नाही. बघा. माझ्या अभ्यासात सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी, मग महिन्याला व्हिजिट होती, सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी. दरवेळी अर्धी रजा. दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात एक व्हिजिट आली आणि मुख्याध्यापिकांचा चेहरा अजून आठवतो. येण्याजाण्याचे पैसे मिळायचे, पण गेलेल्या रजेची भरपाई कोणी करत नाही.

इंजेक्शनची पेनं २ ते ८ अंश सेल्सिअसला, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची असतात. ती गोठून चालत नाहीत. दुसऱ्या महिन्यात सासूबाईंनी काळजीपोटी चार पेनं वरच्या फ्रीझरमध्ये हलवली, वाटाण्याच्या पिशवीशेजारी. "औषध जास्त गार राहिलेलं चांगलं ना गं?" मला कळलं शुक्रवारी सकाळी, पेनावर दव नाही बर्फ दिसला तेव्हा. वितळवून टोचून टाकावं असं क्षणभर वाटलं. रुग्णालयात फोन केला. तिथल्यांनी ते वापरू नका म्हणून सांगितलं, सगळी पेनं परत मागवली, नवी दिली आणि वहीत नोंद केली. कोणी ओरडलं नाही. नंतर मी स्टीलच्या डब्यावर जाड मार्करने "हलवू नये" लिहून तो अंड्यांच्या खाली ठेवला. सासूबाई अंड्यांना हात लावत नाहीत.

रोजनिशीचंही तसंच. काय खाल्लं, किती चाललात, काय त्रास झाला ते लिहायचं असतं. गणपतीत सहा मोदक खाल्ले तर सहा लिहा. व्हिजिटच्या आदल्या रात्री पंधरा दिवसांची वही एकाच पेनाने, एकाच अक्षरात भरणारे लोक असतात. कोऑर्डिनेटरना ते लगेच ओळखू येतं. संकष्टी, नवरात्र, रमजान असे उपास करत असाल तर आधीच सांगा. काही अडत नाही, तारखा पुढेमागे करतात.

८. संपल्यावर काय?

आमच्या डॉक्टरांचा प्रश्न. औषध थांबलं की भूक परत येते. स्टेप-१ मधल्या काही लोकांना नंतर वर्षभर तपासलं, तेव्हा कमी झालेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आलेलं होतं. म्हणजे तुम्हाला खरं औषध मिळालं, पंधरा किलो उतरले, आणि शेवटच्या व्हिजिटला पेनं परत केली, की पुढचा महिना तुमचा तुम्ही बघायचा. ज्यांना प्लासिबो मिळतं त्यांची निराशा एकदाच होते. आमच्या गटातल्या, खरं औषध मिळालेल्या एका बाई अठरा किलो उतरल्या होत्या. ब्लाउज सगळे आटवून घेतले होते. वर्षभरात शिंप्याकडे परत गेल्या, उसवायला.

अभ्यास संपल्यावर कंपनीने औषध फुकट देत राहावं, अशी तरतूद नियमांत आहे. पण ती त्या आजारावर दुसरा उपचार उपलब्ध नसेल आणि औषधाचा तुम्हाला फायदा झाला असेल तेव्हाच. वजनासाठी बाजारात दुसरी औषधं आहेत, त्यामुळे या तरतुदीवर विसंबू नका. कागदात वेगळं काही लेखी दिलं असेल तरच धरा. नंतर विकत घेऊन चालू ठेवायचा विचार असेल तर महिन्याचा खर्च आजच केमिस्टकडे विचारून या, आणि तो बारा महिन्यांनी गुणा.

९. नाही म्हणायचं असेल तर

कारण द्यावं लागत नाही. सहीच्या आधी नाही, सही केल्यावरही नाही, चाळिसाव्या आठवड्यातही नाही. मध्येच सोडताना फक्त एक करा, गुपचूप जाणं बंद करू नका. शेवटची तपासणी करून घ्या, ती तुमच्याच भल्याची असते, आणि उरलेली पेनं परत द्या. तोवर गोळा झालेली माहिती ते वापरू शकतात, हे मात्र कागदात लिहिलेलं असतं.

तोंडावर नाही म्हणणं जमत नसेल तर मेसेज चालतो. मी पहिल्या रुग्णालयाला पाठवला तो असा: "कागद वाचला. भाग घ्यायचा नाही असं ठरवलं आहे. माझा नंबर आपल्या यादीतून काढावा." दोन निळ्या खुणा आल्या. पुढच्या आठवड्यात त्याच मुलीचा फोन आला, "मॅडम, चष्मा सापडला का?" सापडला म्हटलं, आणि वाचूनच नाही म्हणतेय.